दयानंद मामांचा मोंढा

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. लातूरच्या ज्या मेडिकल कॉलेजात मी शरीररचना शिकवते, तिथली पहिल्या वर्षाची मुलं माझ्या चपलांचा आवाज ओळखतात आणि ओळखून जिना बदलतात. पण तीन वर्षांपूर्वीच्या त्या तोंडी परीक्षेत मी चिडले ती उगीच नव्हे. समोरच्या मुलाने हाडांचा अख्खा ट्रे घडाघडा ओळखून दाखवला होता. पायातलं एक हाड तर डोळे मिटून, नुसतं चाचपून सांगितलं. मी खूश झाले. मग त्याच्यापुढे छातीची एक्स-रे फिल्म धरली आणि म्हटलं, "यात कॉलर बोन दाखव." पोराचं बोट फिल्मवर भटकत राहिलं आणि शेवटी टेकलं ते जठरातल्या हवेच्या काळ्या फुग्यावर.

त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की दारात एक्स-रे विभागातला एक माणूस फिल्मची पाकिटं घेऊन उभा होता, तो ते ऐकून आत आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, लेकराची चूक न्हाई. मालाला कधी हातच लावू दिला न्हाई, तर त्यो भाव कसा सांगंल?"

"कसला माल? कसला भाव?" मी त्याच्यावरही ओरडले.

तो हसला, पाकिटं टेबलावर ठेवली आणि निघून गेला. दयानंद मामांची आणि माझी पहिली खरी भेट ती.

दयानंद मामा मूळचे औशाचे. रोज सकाळच्या एसटीने लातूरला यायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचं, असं सव्वीस-सत्तावीस वर्षं चाललेलं. ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शर्टाच्या खिशात पेन नाही, चुन्याची एक रिकामी डबी. चालले की डबी खुळखुळते, कारण तिच्यात शिशाची दोन अक्षरं असतात: 'आर' आणि 'एल'. एक्स-रे काढताना उजव्या बाजूला 'आर' लावायचं किंवा डाव्या बाजूला 'एल', म्हणजे फिल्म बघणाऱ्याला कुठली बाजू कुठली ते कळतं. आता सगळं संगणकावर आलं तरी मामा ती अक्षरं सोडत नाहीत. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणतं. त्यांच्यापेक्षा मोठे असलेले शिपाईही मामा म्हणतात, तेव्हा मीही मामाच म्हणते.

त्यांचे वडील श्रीमंत आबा. आबांनी औशाच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं सौदे पुकारले. मोंढ्यात तुरीचा, हरभऱ्याचा ढीग पडला की घेणारे भोवती गोळा होतात, कोपरापर्यंत हात घालून आतला दाणा वर काढून बघतात, आणि मगच बोली लागते. बोली वर वर चढत जाते, आणि आबा खणखणीत आवाजात पुकारून सौदा पक्का करतात. पण एक रीत आणखी होती. सौदा झाल्यावर ढिगाच्या पोटात वेगळाच माल निघाला, तर ज्याने पुकारलं त्यानेच, तितक्याच मोठ्या आवाजात, तीनदा म्हणायचं: सौदा मोडला. आपल्याच तोंडाने पक्का केलेला सौदा चारचौघांत मोडायला कुणाला आवडतं? बरेचजण कानाडोळा करत. आबांनी मात्र चार वेळा मोडला, आणि ते चारही प्रसंग मामा कुणीही न विचारता सांगतात.

आबांचा आणखी एक किस्सा मामा रंगवून सांगायचे. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात आबा खोकला घेऊन लातूरला आले. छातीचा एक्स-रे काढायचा. मामा नवे, कायद्यात पक्के. "आबा, अंगावरचं धातूचं सगळं काढा," म्हणाले. आबांनी करदोट्याची चांदी काढली, अंगठी काढली, पण दंडावरच्या ताइताला हात लावू देईनात.

"ताईत काढत नसत्यात."

"फिल्मवर येईल, आबा."

"येऊ दे. मी हाय म्हणून त्यो बी येईल."

बाहेर चाळीस पेशंटांची रांग, आत बापलेकाचं भांडण. शेवटी आबा रागाने पाठ फिरवून फिल्मच्या चौकटीला छाती लावून उभे राहिले आणि मामांनी बटण दाबलं. पुढची गंमत अशी की त्या गर्दीत नेमकी तीच फिल्म कुठे गहाळ झाली, कुणालाच सापडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आबांना औशाहून पुन्हा बोलवावं लागलं. दुसऱ्या दिवशीही ताईत निघाला नाही तो नाहीच.

तर मी सांगत होते त्या तोंडी परीक्षेबद्दल. त्यानंतर महिन्याभराने, एका शुक्रवारी दुपारी, मी तळमजल्यावरून जात होते. एक्स-रे विभागाच्या मागच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. "सात!" "नऊ!" "अकरा!" मला वाटलं पत्ते चाललेत. दार ढकललं तर आत माझेच पंचवीस विद्यार्थी, जेवणाचे डबे बाजूला सारून दाटीवाटीने बसलेले, आणि समोर फिल्म लावायच्या दिव्याच्या पेटीशेजारी, स्टुलावर उभे दयानंद मामा.

"हे कॉलेज आहे की मोंढा?" मी कडाडले.

"मोंढाच हाय, मॅडम," मामा शांतपणे म्हणाले. "या, बसा. माल बघा, मग बोला."

खेळ असा होता. पेटीवर फिल्म लागते, पेशंटचं नाव असतं तो कोपरा पट्टीने झाकलेला. दोन गट. अर्धं मिनिट दोघांनी बघायचं. मग बोली लावायची: या फिल्ममधल्या आम्ही इतक्या गोष्टी बोट ठेवून, नाव घेऊन दाखवू. ज्याची बोली मोठी त्याचा सौदा. सगळं बरोबर आलं तर तितके गुण. एक जरी चुकलं तर सगळे गुण समोरच्याला. आणि मामांचा एक खास नियम: फिल्म लावण्यात किंवा काढण्यात काही खोट असेल तर बोली पक्की व्हायच्या आत कुणीही उठून म्हणायचं, "माल खोटा." ते सिद्ध केलं तर समोरच्याने लावलेल्या बोलीइतके गुण त्याचे. पोरांचे डोळे उघडे राहावेत म्हणून मामा अधूनमधून मुद्दाम फिल्म उलटी लावायचे.

मी बाहेर पडायला हवं होतं. पण तेवढ्यात मामांनी मनगटाची फिल्म लावली आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मनगटात आठ छोटी हाडं असतात, वीस वर्षं मी ती शिकवतेय. "आठ!" मी दारातूनच ओरडले. समोरून कुणी वाढवेना. मामांनी सौदा पक्का केला, आणि मी ऐटीत पुढे जाऊन बोट ठेवायला लागले. एक. दोन. तीन. चौथं हाड तिथे नव्हतंच. ती तीन वर्षांच्या बाळाची फिल्म होती. त्या वयात बाकीची हाडं अजून कुर्च्याच असतात, एक्स-रेत उमटतच नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माहीत होतं. बघितलं नव्हतं.

पंचवीस पोरं खालच्या मानेने हसत होती. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "मॅडम, हात घालून बघितला न्हाई तुम्ही."

मला इतका राग आला की पुढच्या शुक्रवारी मी वेळेआधी जाऊन बसले. त्यानंतर एकही शुक्रवार चुकवला नाही. दुसऱ्या महिन्यापासून मामांनी मला पंच केलं, बहुधा मी सारखी हरत होते म्हणून.

त्या वर्षी तोंडी परीक्षेला मी मुद्दाम फिल्म वाढवल्या. मुलं फिल्म हातात घेऊन आधी गप्प बसायची, कडेपासून कडेपर्यंत नजर फिरवायची, मग बोलायची. जठरातल्या फुग्यावर कुणी बोट ठेवलं नाही. तोच मुलगा, कॉलर बोनवाला, आता वसतिगृहाच्या जिन्यात इतरांच्या बरगड्या मोजत हिंडायचा. मला इतका आनंद झाला की मी त्या आठवड्यात कुणावरही ओरडले नाही, आणि मुलांना वाटलं मॅडम आजारी आहेत.

मामांचा सगळा माल चार लोखंडी पेट्यांत होता. तीसेक वर्षांत जुन्या प्राध्यापकांनी शिकवण्यासाठी बाजूला काढलेल्या, नावाचा कोपरा कापलेल्या फिल्म. त्यातला सगळ्यात मौल्यवान नग म्हणजे एक छातीची फिल्म, जिला मामा 'राजा' म्हणायचे. तिच्यात हृदय उजव्या बाजूला होतं. दहा-बारा हजारांत एखाद्याचं असतं असं, डॉक्टरी भाषेत डेक्स्ट्रोकार्डिया. एका जुन्या प्राध्यापकांनी ती निवडून पेटीत ठेवली आणि ते निवृत्त होऊन गेले. दर वर्षी शेवटच्या तासाला मी ती फिल्म उंच धरून मुलांना दाखवायची आणि मुलं 'ओऽऽ' करायची. नऊ वर्षं मी तो 'ओऽऽ' मिरवला.

मग नवे डीन आले. शिस्तीचे, स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी तळमजला बघितला, चार गंजक्या पेट्या बघितल्या, आणि एका शुक्रवारी तो आरडाओरडाही ऐकला. "सगळं डिजिटल झालं असताना ही अडगळ कशाला? आणि एक तंत्रज्ञ विद्यार्थ्यांना शिकवतो म्हणजे काय?" पेट्या भंगारात काढायचं ठरलं. खोली स्टोअरला.

मामांनी तक्रार केली नाही. फक्त पेट्यांवरची धूळ पुसत बसले. मला ते बघवेना. "मामा, काहीतरी बोला की," मी म्हटलं.

"काय बोलू, मॅडम? नोकरीचं दीड वर्स ऱ्हायलं. मला वाटायचं, मी गेल्यावर बी शुक्रवारचा मोंढा भरत राहील." एवढं बोलून ते दुसऱ्या पेटीकडे वळले.

मी तडक वर गेले आणि डीनच्या टेबलासमोर उभी राहून नेहमीप्रमाणे आवाज चढवला. ते थोर मनाचे म्हणून ऐकून घेतलं. ठरलं असं: एकदा सभागृहात, सगळ्यांसमोर हा खेळ करून दाखवायचा. नीट झाला तर वेळापत्रकात शुक्रवारचा तास मिळेल, पेट्याही राहतील. गोंधळ झाला तर त्याच संध्याकाळी भंगारवाला. मी माझ्या नांदेडच्या वर्गमैत्रिणीला फोन लावला, ती तिथल्या कॉलेजात शिकवते. "तुझी पोरं घेऊन ये. लातूरशी सामना आहे," म्हटलं. नांदेडला एवढं पुरतं.

मी स्वतः नांदेड जिल्ह्यातली, उमरीची. त्यामुळे लातूरची मुलं आठवडाभर मला विचारत होती, "मॅडम, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?" मी म्हणायचे, "हाडांच्या." कुणाचाही विश्वास बसत नव्हता.

सामन्याच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत डीन, हाताची घडी घालून. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या फेट्यात श्रीमंत आबा, वय चौऱ्याऐंशी. दुसऱ्या दिवशी त्यांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा छातीचा एक्स-रे होता, म्हणून ते आदल्या दिवशीच आले होते. डोळ्यांना धूसर दिसायचं, पण मुलगा पुकारणार हे ऐकून ते हटून बसले. व्यासपीठावर दिव्याची मोठी पेटी नवीन आणली होती, तिच्यावरची फिल्म पडद्यावरही दिसत होती.

आणि मामा? मामांचा आवाज पहिल्या पुकाऱ्यालाच फाटला. मग तिसऱ्या रांगेतून आबा मोठ्याने म्हणाले, "पोटातून काढ रं!" सगळं सभागृह हसलं, डीनसुद्धा, आणि मामांचा आवाज खरंच पोटातून निघायला लागला.

काय सामना झाला म्हणून सांगू! लातूरची पुढारी ऋतुजा. पाठांतराला तोड नाही, बोली लावताना डोळ्याची पापणी हलत नाही. नांदेडची पुढारी नाझनीन, बारीकशी, कमी बोलणारी, फिल्मच्या इतकी जवळ जाऊन बघणारी की तिच्या श्वासाची वाफ काचेवर उठायची. कवटी लातूरने घेतली. पाऊल नांदेडने. पाठीचा कणा बावीस बोलीवर गेला आणि लातूर एकविसाव्याला घसरलं. मागच्या बाकांवरची मुलं उभी राहून ओरडत होती. डीनने हाताची घडी केव्हाच सोडली होती. ते शेजाऱ्याला हळूच उत्तरं सांगत होते आणि त्यातली दोन चुकलीही.

शेवटच्या फिल्मला दोघांचे गुण सारखे झाले. मामांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला राजा काढला.

"माल बघा! छातीचा माल! उभ्यानं काढलेला!"

पडद्यावर ती छाती उजळली. दोन्ही गट पुढे झाले. अर्ध्या मिनिटाने नाझनीन म्हणाली, "नऊ." ऋतुजा म्हणाली, "अकरा." मग बारा, तेरा. ऋतुजाने मान वर केली. "पंधरा! आणि त्यातलं पंधरावं म्हणजे याचं हृदय उजवीकडे आहे. डेक्स्ट्रोकार्डिया." सभागृहातून तो माझ्या ओळखीचा 'ओऽऽ' उठला. मी मनात टाळ्या वाजवल्या. माझी पोरगी ती.

"पंधरा एक वार," मामांनी पुकारलं. "पंधरा दोन वार..."

"माल खोटा आहे," नाझनीन म्हणाली.

एवढ्या हळू म्हणाली की तिला पुन्हा म्हणावं लागलं. लातूरच्या बाकांवरून हुर्यो झाली. मी पंच, मी विचारलं, "काय खोटं आहे?"

"अक्षर, मॅडम. 'आर' चुकीच्या बाजूला लागलंय. हृदय डावीकडंच आहे, अक्षरामुळं उजवीकडं वाटून राहिलं."

"कशावरून?" ऋतुजाने विचारलं.

"ताइतावरून."

यावर सगळे खो खो हसले. नाझनीन मात्र जागची हलली नाही. तिने फिल्मच्या अगदी कडेला, खांद्याच्या खाली, बोट ठेवलं. तिथे एक बारीक नळीसारखी पांढरी सावली होती. आमच्या तळमजल्यावरच्या दिव्याच्या पेटीची चौकट नेमकी ती कड झाकायची. पण खोटं कशाला बोलू, मी ती फिल्म हातात धरूनही शेकडो वेळा दाखवली होती. हृदय दिसलं की मी पुढे बघितलंच नव्हतं.

"माझे अब्बा नांदेडला इतवाऱ्याच्या बाजारात ताईत बनवतात," ती म्हणाली. "ही तांब्याची नळी, दोन्हीकडं टोपी, वर कडी. लहानपणापासून मी दोरा ओवून देते. गिऱ्हाईक आलं की अब्बा पहिलं विचारतात, मर्दाला पाहिजे की बाईला. मर्द उजव्या दंडाला बांधतो, बाई डाव्या. हा तर मर्द आहे, छातीच्या सावलीवरून दिसतंच. मग 'आर'च्या उलट्या बाजूला याचा ताईत कसा?"

हसणं थांबलं. सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. डीनही. निर्णय मला द्यायचा होता, आणि मी काय विचार करत होते ते स्पष्टच सांगते. मी विचार करत होते की ही खरी निघाली तर नऊ वर्षं, नऊ तुकड्यांना, मी चूक शिकवली. एक माणूस डाव्या दंडाला ताईत बांधूही शकतो, कायदा थोडाच आहे? "फिल्म बरोबर आहे" एवढं म्हटलं असतं तर कुणी आव्हान दिलं नसतं. तोंडही उघडलं होतं मी.

"मॅडम, जरा थांबा," मामा म्हणाले. "मला माल बघू द्या."

ते भिंग घेऊन फिल्मजवळ गेले. वाकले. ताइताच्या सावलीवरून भिंग जरा खाली सरकलं आणि तिथेच थांबलं. मी शेजारीच उभी होते म्हणून मलाही दिसलं: नळीला लटकलेली, नखाएवढी एक चावी.

मामा वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्यांनी आधी डीनकडे पाहिलं, मग ऋतुजाकडे, मग तिसऱ्या रांगेतल्या पांढऱ्या फेट्याकडे. त्यांना काहीतरी कळलं होतं, जे सभागृहात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, एवढं मला दिसत होतं. ते गप्प राहिले असते तर मी लातूरला जिंकवलं असतं. पेट्या वाचल्या असत्या. तास मिळाला असता.

मामांनी छाती भरून श्वास घेतला.

"सौदा मोडला!"

खिडक्यांच्या काचा थरारल्या असा आवाज होता.

"सौदा मोडला! सौदा मोडला!"

"आँ? कोन मोडला रं?" आबा फेटा सावरत उठले. त्यांना पडद्यावरचं काहीच दिसत नव्हतं. "कुणी पुकारलं?"

"मी पुकारलं, आबा. मीच मोडला."

"माल कुणाचा हाय?"

"तुमचाच."

मग मामांनी सगळं सांगितलं. ती गहाळ झालेली फिल्म गहाळ झालीच नव्हती. वाळत घातलेल्या फिल्ममधून ती त्या जुन्या प्राध्यापकांनी उचलली असणार, दुर्मीळ नग म्हणून, आणि नावाचा कोपरा कापून पेटीत ठेवली असणार. "आबा रागानं पाठ फिरवून उभे ऱ्हायले होते," मामा म्हणाले. "पाठ माझ्याकडं, अन् मी अक्षर लावलं तोंड माझ्याकडं असल्यावानी. भांडणाच्या नादात. ती चावी मोंढ्यात सौद्याआधी वाजवायच्या घंटीच्या कपाटाची हाय, आबांकडंच असायची, दुसऱ्या कुणाच्या ताइताला असायची न्हाई. चूक माझी हाय, साहेब. एकोणतीस वर्सांपूर्वीची."

ऋतुजा आधी व्यासपीठावरून उतरली. गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावून तिने आबांच्या छातीवर उजवीकडे ठेवला, मग डावीकडे. तिचा चेहरा पडला, आणि मग ती एकदम हसायलाच लागली. "डावीकडेच आहे," ती म्हणाली आणि स्टेथोस्कोप नाझनीनच्या हातात दिला. नाझनीनने ऐकलं. मग रांगच लागली.

"माझं काळीज कुणीकडं हाय ते मला इचारायचं की," आबा म्हणाले. त्यांनी बाही वर सरकवली. उजव्या दंडावर ताईत, ताइताला चावी. सभागृहात जी काय शिट्ट्यांची, टाळ्यांची दंगल उडाली ती नांदेडची होती की लातूरची, मला कळलं नाही.

डीन उठले तशी शांतता झाली. "ही फिल्म विद्यार्थ्यांना कोण दाखवत होतं?"

"मी," मी म्हणाले. "नऊ वर्षं." माझा आवाज कधी नव्हे तो बारीक निघाला.

डीन व्यासपीठावर चढले, मामांच्या हातातलं भिंग घेतलं आणि वाकून ती चावी बघत राहिले. मग नाझनीनला म्हणाले, "मला पण दिसली नव्हती." आणि भिंग परत देताना मामांना विचारलं, "दर शुक्रवारी किती वाजता भरतो तुमचा मोंढा?"

मामांनी खिशातली चुन्याची डबी चाचपली. मीच सांगितलं, "दीड वाजता, सर." डोळे पुसत सांगितलं, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

पंधरा गुण नांदेडला गेले. मामांनी स्वतःच्या हाताने नाझनीनला फेटा बांधला. तो तिला मोठा व्हायला लागला, सारखा भुवयांवर उतरत होता, पण गाडीत बसेपर्यंत तिने तो काढला नाही. पुढच्या वेळचा मोंढा नांदेडला भरवायचं कबूल करूनच ती सगळी गेली. ऋतुजाने तर गाडी सुटता सुटता नाझनीनकडे ताईत सांगून ठेवला, परीक्षेसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम एक्स-रे विभागात गेले. आत आबा उघड्या अंगाने उभे होते आणि मामा त्यांना समजावत होते.

"आबा, आज तरी काढा. फिल्मवर येतं."

"ताईत काढत नसत्यात."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. आबा वळले, मुलाकडे पाठ करून चौकटीला छाती लावली. मामांनी खिशातून चुन्याची डबी काढली, 'आर' तळहातावर घेतलं, आणि मग अक्षर लावायच्या आधी हात पुढे करून वडिलांच्या दंडावरचा ताईत चाचपला. हलकेच, बोटांनी, मोंढ्यात दाणा बघतात तसा.

"आबा, हा उजवा."

"त्या वक्ताला बी ह्योच उजवा व्हता," आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "लाव आता."